हातचे आधार सुटत असताना भरवसा कसा ठेवावा?

प्रश्न: बायबलमध्ये मिद्यानी शत्रूंशी लढायला निघालेल्या इस्राएलाच्या पुढाऱ्याचे, गिदोनाचे, ३२,००० लोक परमेश्वराने ३०० वर आणले. माझेही आधार असेच सुटत आहेत: आईच्या आजारपणात नोकरी गेली, कर्ज वाढले. अशा वेळी परमेश्वराच्या साहाय्याची वाट कशी पाहावी?

उत्तर १: ताई, ‘आपल्याच हाताने आपण सुटलो’ असे इस्राएलाने म्हणू नये, म्हणून ते लोक कमी केले गेले. तरीही गिदोन स्वस्थ बसला नाही. शिंगे आणि रिकाम्या घड्यांत दिवट्या घेऊन, पहारा नुकताच बदलला असताना, तो मिद्यानी छावणीच्या कडेला पोहोचला.

उत्तर २: मला गिदोनाला वाटलेली भीती अधिक जवळची वाटते. लोकरीची खूण (आधी दव फक्त लोकरीवर पडावे, मग फक्त जमिनीवर) दोनदा मागूनही देवाने त्याला झिडकारले नाही, उलट शत्रूच्या छावणीकडे जायला भीती वाटत असल्यास सेवकाला सोबत ने, असे सांगितले. आपणही मंडळीतील (चर्चमधील) कोणाला तरी बरोबर घेऊन मदतीसाठी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना अवश्य भेटा.