पावसाळी सह्याद्रीत लष्करी बूट: घालावेत की नाहीत?

गडवाट_मुलुंड

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या ग्रुपवर नवख्यांना एकच उत्तर मिळतं: "साधे स्पोर्ट्स शूज चालतील, उगाच जड बूट नकोत." मला हे पटत नाही, म्हणून हा धागा. आठ इंची, घोट्याच्या वर जाणारा लष्करी धाटणीचा बूट पारखून घेतला आणि पायात नीट रुळवला, तर घाटवाटांसाठी त्याच्याइतका कामाचा जोडा दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे.

हरिश्चंद्रगडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी सुटे धोंडे पायाखाली फिरतात आणि घोट्याच्या हाडावर आपटतात. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या माती-खडीच्या उतारावरून, उतरताना खडी जोड्यात शिरते. करवंदीच्या जाळीत नडगी सोलवटून निघते. पाठीवर १०-१२ किलोची सॅक असली की पाय मुडपायला एवढंसं निमित्त पुरतं.

मात्र "आर्मीचे बूट" हा काही एकच प्रकार नव्हे, आणि सगळा घोळ इथेच होतो. परेडच्या काळ्या डीएमएस (डायरेक्ट मोल्डेड सोल) बुटाचा सोल साच्यात थेट वरच्या चामड्यावर ओतलेला असतो. रबर कडक, नक्षी उथळ. संचलनाला उत्तम, ओल्या कातळावर धोक्याचा. खिळे ठोकलेला जुना अम्युनिशन बूट तर डोंगरात न्यायचाच नाही. आपल्याला हवा तो जंगल बूट: पंजा आणि टाच चामड्याची, वरचा भाग जाड कॅनव्हासचा किंवा नायलॉनचा, आणि आतल्या अंगाला तळव्याच्या कमानीपाशी पाणी निघून जायला जाळीची दोन भोकं. अमेरिकन सैन्याने व्हिएतनाममध्ये वापरलेल्या बुटाची हीच रचना होती. त्यातल्या पनामा सोलला तिरक्या, रुंद खाचा असतात, त्यामुळे पाऊल वाकलं की चिखल सुटून पडतो.

खरेदीला संध्याकाळी जा, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचे मोजे सोबत न्या. नाडी सैल ठेवून पाय पूर्ण पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट आरामात जायला हवं. मग नाडी आवळून दुकानाच्या जिन्यावरून उतरा. अंगठा पुढे टेकला तर जोडा परत द्या, नाहीतर उतरणीवर नख काळं पडणार. चालताना टाच अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत उचलली गेली तर चालेल, सोल वाकायला लागला की ते कमी होतं. आणि "वापरून सैल होईल" या आश्वासनावर जाऊ नका. रुंदीत बूट थोडाफार देतो, लांबीत अजिबात नाही.

कातळपाऊल

रचनेची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही.

पहिला मुद्दा वजनाचा. आठ इंची चामडी जोडी दीड ते दोन किलो भरते, हलके ट्रेकिंग शूज किलोच्या आत. पायातलं एक किलो ओढायला पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतके श्रम पडतात. सैनिकांच्या बुटांचा अभ्यास करणाऱ्यांनीच हे मोजून दाखवलं आहे. त्यात बूट भिजला की चामडं आणि आतलं अस्तर पाणी पितं, म्हणजे दुपारनंतर वजन आणखी वाढलेलं.

दुसरा आणि खरा मुद्दा रबराचा. सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट, आणि पावसात त्यावर शेवाळ. लष्कराला सोल वर्षानुवर्षं टिकायला हवा असतो, म्हणून रबर कडक घेतात. कडक रबर दगडाच्या बारीक खडबडीतपणात दबत नाही, नुसतं वर टेकतं. खोल, रुंद खाचांमुळे टेकणारा भागही कमी होतो. चिखलात जो गुण, तोच कातळावर दोष. कळसुबाईच्या लोखंडी शिड्या पावसात उतरताना हा फरक पावलागणिक कळतो. दुकानात सोलच्या कडेला अंगठ्याचं नख रोवून बघा: खूण जराही उमटली नाही तर तो सोल कातळासाठी नाही.

उंच कॉलर घोटा वाचवते हे जितकं छातीठोकपणे सांगितलं जातं, तितकं ते सिद्ध झालेलं नाही. शिवाय तुम्ही सुचवलेल्या जंगल बुटाचा वरचा भाग कापडी, म्हणजे मऊच. घोट्याला आधार स्नायूंचा असतो. रोज प्रत्येक पायावर डोळे मिटून ३०-४० सेकंद तोल सांभाळण्याचा व्यायाम महिनाभर केलात तर त्याचा उपयोग जास्त. ताठ सोलमुळे खालचा धोंडा हलतोय हे तळव्याला उशिरा कळतं, ते वेगळंच.

मुंबईहून एका दिवसात करायच्या पावसाळी ट्रेकसाठी माझी शिफारस: जाळीदार, कमी उंचीचे, मऊ रबराचे शूज. भिजले तरी तासाभरात बरंचसं पाणी चालता चालताच निघून जातं. खडी आत शिरू नये म्हणून वरून आखूड गेटर (बुटाच्या तोंडाभोवती बांधायचं कापडी आवरण) लावा.

गडवाट_मुलुंड

@कातळपाऊल, दीड-दोन किलोचा आकडा पूर्ण चामडी बुटाचा. कापडी वरचा भाग असलेला जंगल बूट त्याहून बराच हलका असतो. जाळीदार शूज करवंदीत आणि घसाऱ्यात किती टिकतात हेही सांगायला हवं: करंगळीपाशी जाळी फाटते, मग त्या भोकातून खडी येते आणि गेटर काही करू शकत नाही. लष्करी बुटाची टाच पुढच्या सोलपासून काटकोनात वेगळी असते. घसाऱ्यावर किंवा चिखलाच्या उतरणीवर ती टाच रुतते आणि पाय थांबतो. सपाट, सलग सोलच्या शूजना ही सोय नाही. कातळाचा मुद्दा खरा आहे, पण नक्षी तशीच ठेवून मऊ रबराचे सोल असलेले बूटही मिळतात, तेच घ्यावेत.

चामडं_आणि_टाका

वाद सोलवर चालला आहे, पण बहुतेक लोकांचे हाल नवा बूट थेट डोंगरावर नेल्यामुळे होतात. त्याबद्दल तपशिलात लिहितो.

पहिल्या दिवसापासून नाडी वरच्या भोकापर्यंत पूर्ण बांधा. अर्धी बांधून घरात फिरलात तर जीभ एका बाजूला सरकते, पंजावरची घडी चुकीच्या जागी पडते, आणि एकदा पडलेली घडी जात नाही. चार-पाच दिवस रोज पाऊण तास घरात, लादीवर. मग इमारतीचे जिने, सहा-सात मजले वर-खाली, कारण उतरताना टाच आणि घोटा दोन्हीकडचं चामडं वाकतं. त्यानंतर २-३ किलोमीटर सपाट रस्ता. मग सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्यांचे ५ किलो भरून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत जाऊन या. डांबरी रस्ता आहे, कुठे चावलं तर परत फिरता येतं. एवढं झाल्यावर कोरीगडासारखा छोटा किल्ला. कळसुबाई किंवा हरिश्चंद्रगड त्याच्याही नंतर. म्हणजे साधारण तीन आठवडे धरा.

टाचेचा कप कडक असेल तर चामडं कोमट पाण्याने हलकं ओलं करून अंगठ्यांनी बाहेरून चोळत, दाबत मऊ करा. एखाद्याच जागी चिमटत असेल तर मोच्याकडून कलबुतावर (पायाच्या आकाराच्या साच्यावर) चढवून तेवढीच जागा ताणून घ्या. एक रात्र पुरते.

तेल अगदी बेतानं. एका बुटाला अर्धा चमचा नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांपासून काढलेलं, चामड्यासाठीचं तेल) किंवा मधमाशीच्या मेणाचं क्रीम, तेही फक्त वाकणाऱ्या जागी, कापडाने चोळून. जास्त तेलाने चामडं लुळं पडतं आणि टाचेची पकड जाते. खोबरेल तेल नको: मुंबईच्या दमट हवेत कपाटात ठेवलेल्या अशा बुटावर बुरशी लवकर धरते. परेडसारखी आरशाची पॉलिशही नको. मेणाचा तो कडक थर घडीवर तडकतो आणि आतला ओलावा कोंडून ठेवतो.

कॅडेट_डोंबिवली

तीन आठवडे कोणाला आहेत? जवान पिढ्यान् पिढ्या एकच युक्ती वापरत आले: बूट कोमट पाण्याने भरा, दहा मिनिटांनी ओता, ओले मोजे घालून बूट वाळेपर्यंत चाला. चामडं पायाच्या आकाराला बसतं आणि एका दिवसात काम संपतं. एनसीसीच्या कॅम्पच्या आधी हाच उपाय सांगतात आणि तो चालतो.

चामडं_आणि_टाका

@कॅडेट_डोंबिवली, ती युक्ती ज्या बुटांसाठी होती, ते बूट वेगळे होते. झाडाच्या सालीने कमावलेलं जाड चामडं, चामड्याचाच आतला तळ, सगळं शिवलेलं. ते ओलं होऊन आकार घेतं. आजचे बहुतेक बूट क्रोमने कमावलेल्या चामड्याचे. ते ओलं करून तसा कायमचा आकार घेत नाही. आतला तळ बऱ्याचदा दाबलेल्या पुठ्ठ्यासारखा, तो पाण्याने फुगतो आणि वाळताना वाकडा होतो. सोल चिकटवलेला असेल तर गोंदावरही ताण येतो. त्यात जून-जुलैची मुंबई! "वाळेपर्यंत चाला" म्हणायला हवा कोरडी लागते. इथे आतलं अस्तर दोन दिवस ओलं राहतं, आणि ओल्या मोज्यात तासन्‌तास घासलेली कातडी सोलून निघते. कापडी जंगल बुटाला तर या सगळ्याची गरजच कमी, कारण वाकणारा बराचसा भाग कापडाचा असतो.

कॅडेट_डोंबिवली

शिवलेल्या, पूर्ण चामडी बुटाला मी अजूनही तेच करायला सांगेन. चिकटवलेल्या सोलचा मुद्दा मान्य.

रानवाट_वसई

फोडांबद्दल थोडं. बूट चावतो म्हणजे नेमकं काय होतं? मोजा आणि कातडी एकत्र अडकून राहतात, आतलं हाड पुढे-मागे सरकतं, आणि कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात. ओली कातडी जास्त अडकते. म्हणून आत पातळ पॉलिस्टरचा मोजा आणि वर लोकरमिश्रित जाड मोजा: घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर नाही. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, ते पावसात वापरूच नका. एखादी जागा गरम लागायला लागली की तिथल्या तिथे थांबून झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी लावा, कडा गोल कापून. "पुढच्या पठारावर बघू" म्हटलं की फोड आलाच.

टाच उचलली जात असेल तर घोट्याच्या वळणावर नाडीला एकाऐवजी दोन पीळ देऊन गाठ बसवा, मग वरचा भाग वेगळ्या ताणाने बांधता येतो. पायाच्या वरच्या उंचवट्यावर दुखत असेल तर तिथल्या भोकांच्या जोडीत नाडी फुलीसारखी न नेता सरळ वर न्या.

सापांसाठी उंच बूट घ्या, असं बरेच जण सांगतात. फुरसं छोटं, दगडाखाली बसणारं आणि जमिनीलगत झेप घेणारं, त्याच्यापुरता जाड बूट नक्की उपयोगी. पण चापडा हा विषारी साप फांदीवर असतो, तो हाताला किंवा चेहऱ्याला चावू शकतो, आणि घोणशीचे दात कापडातून सहज जातात. बूट घातलाय म्हणून गवतात न बघता पाय टाकू नका. पायाला दंश झालाच तर नाडी लगेच सोडून बूट काढा, कारण सूज आल्यावर तो आवळपट्टीसारखा बसतो. आणि न चिरता, न बांधता थेट रुग्णालयात.

स्नेहल_ठाणे

लष्करी बुटांचे साचे पुरुषांच्या पायाचे असतात हे कुणी बोललंच नाही. बायकांचा पंजा लांबीच्या मानाने रुंद आणि टाच अरुंद असते, त्यामुळे पंजा बसला की टाच सुटते. बऱ्याच दुकानांत ६ नंबरच्या खाली जोडेच नसतात, मग दुकानदार दोन जाड मोजे घालायला सांगतो. ते करू नका: पाऊल पुढे सरकून अंगठे चेचतात. त्यापेक्षा आतला तळ काढून टाचेच्या बाजूला जाड असलेला तळ घाला, आणि घोट्याच्या पोकळीत जिभेखाली फेल्टची एक पट्टी चिकटवा. एवढं करूनही टाच उचलली जात असेल तर @कातळपाऊल यांचा पर्याय बरा, मापात बसलेला हलका शू न बसलेल्या चांगल्या बुटाहून कितीतरी चांगला.

कातळपाऊल

स्नेहलताईंच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. आणखी एक गोष्ट, दोन्ही बाजूंना लागू. जुना साठा म्हणून स्वस्तात मिळणारे बूट घेताना सोलचा मधला थर बघा. तो पॉलीयुरेथेनचा असेल तर हवेतल्या ओलाव्याने आपोआप कुजतो, बूट न वापरताही. मुंबईत माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला जोडा वरून नवाकोरा दिसतो आणि डोंगरावर एका तासात सोल सोडतो. मधल्या थरावर अंगठा दाबा: बारीक भेगा उमटल्या, पिठासारखी भुकटी निघाली किंवा चिकट लागलं, तर फुकट मिळाला तरी घेऊ नका. नुसत्या रबराच्या सोलला हा रोग नाही. सॅकमध्ये दोन मीटर नायलॉनची दोरी असू द्या, सुटलेला सोल बांधून निदान खाली येता येतं.

"वॉटरप्रूफ" पडद्याचे, म्हणजे आत पाणी अडवणारा पातळ थर असलेले, बूटही इथे नकोत. ओढा ओलांडताना पाणी वरून आत आलं की बाहेर जायला वाट नाही, आणि हवेत ९० टक्के आर्द्रता असताना आतला घाम वाफ होऊन बाहेर जायला जागाच उरत नाही.

गडवाट_मुलुंड

पडद्याच्या बुटांबद्दल दुमत नाही. सोल तपासण्याची सूचना नव्याने घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावीच.

मला अजूनही दोन दिवसांच्या, जड सॅकच्या, घसाऱ्याच्या वाटेसाठी जंगल बूटच योग्य वाटतो. एका दिवसाच्या, कातळ आणि शिड्यांच्या वाटेवर मऊ रबराचे हलके शूज घालणाऱ्याशी मी भांडणार नाही. बूट वापरणाऱ्यांसाठी परत आल्यानंतरचं काम: आधी साध्या पाण्याने चिखल धुवा, पाणी निघायच्या भोकांची जाळी जुन्या टूथब्रशने साफ करा. गाळ वाळून तिथे बसला की भोकं असून नसल्यासारखी. आतला तळ आणि नाडी बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, पहिले काही तास कागद दर दोन तासांनी बदला. उन्हात, गॅसजवळ किंवा फ्रिजच्या मागच्या गरम बाजूला नको, चामडं तडकतं. बुरशी दिसलीच तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने पुसा, वाळल्यावरच थोडं मेण लावा.

@कातळपाऊल, तुम्ही म्हणता तसा मऊ रबराचा शू नळीच्या वाटेवर पूर्ण सॅकसह किती ट्रेक टिकतो, आणि गेटर कोणत्या उंचीचा लावता, ते लिहा. तुलना तिथेच होईल.