मदत हवी आहे: गाडीतला हॅम सेट ऐकतो सगळं, पण रिपीटर उघडत नाही (सोलापूर)

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. यंदा हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संचाचं, रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स मिळालं, व्हीयू3 कॉलसाइन (हवेत ओळख सांगायचं नाव) आहे. हातातल्या पाच वॅटच्या सेटवर शहरात थोडंफार जमतं, पण गाव सोडलं की खरखर. म्हणून एका जुन्या हॅमकडून त्यांचा वापरलेला 25 वॅटचा ड्युअल बँड (दोन पट्ट्यांवर चालणारा) मोबाइल, म्हणजे गाडीत बसवायचा, सेट रीतसर घेतला आणि आमच्या 2012 च्या व्हॅगनआरमध्ये बसवला.

निमित्त कोजागिरीचं आहे. सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत जाणाऱ्यांची गर्दी इथल्या सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीतली पोरं, बायामाणसं दरवर्षी जातात. फोनवर रेंजच्या काड्या दिसतात, पण कॉल लागत नाही. आमच्यात लायसन्सवाले दोघं. मित्र हँडसेट घेऊन चालणाऱ्यांबरोबर राहील, मी पाणी आणि औषधं घेऊन गाडीत. एवढीच योजना.

आता अडचणी. पहिली, पुण्याला कामानिमित्त जाणं होतं तेव्हा यवतच्या पुढं तिकडचा रिपीटर (आपला सिग्नल पकडून लांबवर पुन्हा पाठवणारं केंद्र) खणखणीत ऐकू येतो. मी पीटीटी (बोलायचं बटण) दाबून कॉलसाइन देतो, उत्तर शून्य. रिपीटरची शेपटीसुद्धा (आपण बटण सोडल्यावर क्षणभर चालू राहणारा त्याचा सिग्नल) परत येत नाही, म्हणजे तो उघडतच नसावा.

दुसरी, इंजिन बंद असताना हाय पॉवरवर पीटीटी दाबलं की सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सप्लाय सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतलाय. इंजिन चालू असेल तर बंद पडत नाही, पण समोरचा म्हणतो की तुझ्या आवाजामागं शिट्टी वाजते आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की ती चढते.

तिसरी, प्रोग्रामिंग केबल माझ्या विंडोज 11 च्या लॅपटॉपला ओळखत नाही. अशोक चौकातल्या मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर चिर्प (सेटमध्ये चॅनल भरायचं सॉफ्टवेअर) चालतं, चॅनल तिथंच भरले. पण एक आकडा बदलायला दरवेळी त्याच्या घरी किती जायचं? वहिनी आता चहापण विचारत नाहीत.

अँटेना मॅग्नेटवाला आहे, टपावर मधोमध. जाणकारांनी जरा मार्ग दाखवावा.

वायरमन_नाना

तुमची दुसरी अडचण आधी घ्या. सप्लाय पडत असेल तर बाकीचं तपासून उपयोग नाही.

25 वॅटचा सेट हाय पॉवरवर साधारण पाच-सहा अँपिअर ओढतो. सॉकेटचा फ्यूज ते सहन करतो, म्हणून फ्यूज उडत नाही आणि माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. पण कंपनीनं सॉकेटला दिलेली वायर बारीक असते, वर त्या स्प्रिंगच्या टोकाचा कॉन्टॅक्ट. एक स्क्वेअर एमएमची वायर धरा. बॅटरीपासून सेटपर्यंत चार मीटर जायला आणि चार यायला, एवढ्यावरच सहा अँपिअरला पाऊण ते एक व्होल्ट जातो. कॉन्टॅक्टमध्ये जातो तो वेगळा. इंजिन बंद असताना बॅटरीच साडेबाराला असते, सेटला तेरा पॉइंट आठ हवे असतात.

मल्टिमीटर सेटच्या सप्लायच्या टोकाला लावा, बॅटरीला नको. पीटीटी दाबून आकडा बघा आणि इथं टाका. पण दाबण्याआधी चॅनल मोकळा आहे ना ते ऐका.

रिकामा_अभियंता

केबलचं सांगतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टवर पिवळं त्रिकोणी चिन्ह येतं का? आणि नावाच्या जागी "हे पीएल2303 नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य? तसं असेल तर केबलमधली चिप नकली आहे. प्रोलिफिक कंपनीच्या पीएल2303 चिपची नक्कल बाजारात इतकी झाली की कंपनीनं नव्या ड्रायव्हरमध्ये ती ओळखून अडवायला सुरुवात केली. मित्राच्या लॅपटॉपवर जुना ड्रायव्हर असणार, म्हणून तिथं चालतं.

जुना 3.2.0.0 ड्रायव्हर टाकून डिव्हाइस मॅनेजरमधून हातानं तोच निवडता येतो. पण विंडोज अपडेट झालं की नवा पुन्हा येऊन बसतो. लिनक्स असेल तर ड्रायव्हरचा प्रश्नच नाही, फक्त तुमचा युजर "डायलआऊट" ग्रुपमध्ये घाला, नाहीतर परवानगी नाही म्हणून पोर्ट उघडणार नाही. माझं मत विचाराल तर एफटीडीआय या दुसऱ्या कंपनीच्या चिपची केबल घ्या. चार पैसे जास्त जातात, डोकं शांत राहतं.

चिर्पमध्ये आधी नेहमी सेटमधून डाउनलोड करा, ती फाइल तारीख घालून जपून ठेवा, मग बदल करून अपलोड. दुसऱ्याच्या सेटची फाइल सरळ आपल्या सेटमध्ये ढकलायची नाही. मॉडेलचं नाव सारखं असलं तरी आतलं फर्मवेअर वेगळं असू शकतं.

आरएफ_आजोबा

रिपीटरच्या चॅनलची चिर्पमधली ओळ जशीच्या तशी लिहा बरं. ड्युप्लेक्स, ऑफसेट (ऐकायच्या फ्रिक्वेन्सीपासून बोलायची फ्रिक्वेन्सी कुठल्या बाजूला आणि किती लांब), टोनचे (आवाजाखालून जाणारा, रिपीटरचं दार उघडणारा सूर) सगळे कॉलम, मोड. ऐकू येतंय म्हणजे फ्रिक्वेन्सी बरोबर आहे, ती नको.

जुळे_सोलापूरकर

नाना, आकडे घेतले. सेटच्या टोकाला नुसता चालू असताना 12.3, हाय पॉवरवर पीटीटी दाबलं की 10.4 आणि सेट मेला. लो पॉवरवर 11.7, चालतो.

अभियंता साहेब, तेच वाक्य आलं, अगदी तेच! केबल दुसरी मागवतो.

आजोबा, ओळ अशी: ड्युप्लेक्स वजा, ऑफसेट 0.600, टोन मोड "टोन", टोन 88.5, टोनएसक्यूएल मध्ये रिपीटरचा जो टोन आहे तो आकडा, मोड एनएफएम (नॅरो एफएम).

आरएफ_आजोबा

सापडलं. चिर्पच्या त्या दोन कॉलमांनी भल्याभल्यांना चकवलंय. टोन मोड "टोन" ठेवला की सेट "टोन" कॉलममधला आकडा हवेत पाठवतो. "टोनएसक्यूएल" कॉलमकडे तो बघतच नाही. तो कॉलम टोन मोड "टीएसक्यूएल" केल्यावर लागू होतो. चिर्पमध्ये दोन्हीकडे 88.5 आधीपासूनच भरलेलं असतं. म्हणजे तुमचा सेट इमानेइतबारे 88.5 पाठवतोय आणि रिपीटरला दुसराच टोन हवाय. तो कशाला दार उघडेल?

रिपीटरचा आकडा "टोन" कॉलममध्ये टाका, मोड "टोन"च राहू द्या. टीएसक्यूएल सध्या नको. त्यात ऐकतानाही टोन लागतो, आणि रिपीटर आपल्या आऊटपुटवर टोन पाठवत नसेल तर सेट मुका होईल. मग तुम्ही नवा धागा काढाल.

ऑफसेट ठीक आहे. दोन मीटरच्या बँडवर (145 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) वजा 600 किलोहर्ट्झ, म्हणजे आऊटपुट समजा 145.600 असेल तर तुम्ही 145.000 वर बोलता. फक्त तो आकडा 6.000 झालेला नाही ना, हे सेटच्या मेन्यूत जाऊन एकदा बघा. तसं झालं तर तुम्ही 139 वर, आपल्या बँडबाहेर बोलाल.

आणि एनएफएम बदलून एफएम करा. एनएफएममध्ये डेव्हिएशन (आवाजानं फ्रिक्वेन्सी किती हलते ते) अर्धं होतं. रिपीटर वाइड असेल तर तुमचा आवाज लोकांना तळघरातून आल्यासारखा येईल.

एक गोष्ट न विचारता सांगतो. असे बरेच सेट 136 ते 174 मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे ट्रान्समिट करतात. आपल्याला दोन मीटरवर 144 ते 146 आणि सत्तर सेंटिमीटरच्या बँडवर 434 ते 438 एवढंच. बाकीच्या पट्ट्यात पोलीस आणि इतर खाती असतात. चिर्पच्या सेटिंगमध्ये ट्रान्समिटची हद्द बांधता येत असेल तर आजच बांधा. अंधारात माइकवर चुकून बोट पडायला वेळ लागत नाही.

वायरमन_नाना

10.4 म्हणजे जवळपास दोन व्होल्ट वाटेत जळतात. वायर सरळ बॅटरीवरून ओढा. चार स्क्वेअर एमएमची फ्लेक्झिबल घ्या. त्याच आठ मीटरला सहा अँपिअरवर पाव व्होल्ट जाईल, चालतंय. फ्यूज प्लसला आणि मायनसलाही, दोन्ही बॅटरीजवळ. प्लसला का ते सगळ्यांना कळतं: वायर कुठं पत्र्याला घासली तर आग लागू नये. मायनसला अशासाठी की उद्या इंजिनची अर्थ पट्टी सैल झाली तर स्टार्टरचा शेकड्यांतला करंट तुमच्या सेटच्या मायनसमधून आणि अँटेनाच्या केबलमधून वाट काढेल.

इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच. शिट्टी आल्टरनेटरची आहे, बॅटरीवरून सप्लाय घेतला की बहुतेक जाईल. ही वायर हेडलाइटच्या आणि हॉर्नच्या गुच्छाबरोबर बांधू नका.

नव्या गाडीवाल्यांसाठी: बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला दिसला तर तुमची मायनस तिथं लावू नका. बॅटरीची अर्थ वायर बॉडीला जिथं कसलीय तिथं लावा. नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला तुमच्या सेटनं खाल्लेला करंट दिसत नाही. व्हॅगनआर 2012 ला ही भानगड नाही.

पार्क_चौक

एवढा खटाटोप करण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा की राव.

आरएफ_आजोबा

काढा की. कोजागिरीच्या रात्री त्यावर मेसेज पोचला की आम्हालाही कळवा. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नुकता लायसन्सवाला होतो. तेव्हा आपल्याकडे मोबाइल नव्हते, भूकंपानंतर हॅम लोकांच्या सेटवरून निरोप गेलेले मी स्वतः ऐकलेत. असो, विषयांतर नको.

जुळे_सोलापूरकर, अँटेनाचं काही लिहिलं नाहीत. एसडब्ल्यूआर (पाठवलेली पॉवर अँटेनाकडून किती परत येते त्याचं माप, 1 च्या जितकं जवळ तितकं बरं) बघितला का? सीबीवाला (सिटिझन्स बँडचा) मीटर नको, तो 27 मेगाहर्ट्झसाठी असतो, 145 वर काहीही दाखवतो.

जुळे_सोलापूरकर

आजोबा, टोन बदलला आणि रिपीटर उघडला! पुण्यातल्या दोघांनी 59 रिपोर्ट (स्पष्ट आणि जोरदार) दिला. लई भारी वाटलं. नाना, वायर ओढली. आता हाय पॉवरवर इंजिन बंद असताना 12.0 राहतात, शिट्टी गेली.

मित्राच्या नॅनोव्हीएनएवर (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) अँटेना बघितला. सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर 141 ला 1.2 येतो, 145 ला 1.9. टपावरची सळई 51 सेंटिमीटर आहे. कापू का? आणि हो, कोजागिरीला रस्त्यात रिपीटर नाही, सिम्प्लेक्सच, म्हणजे सेट ते सेट थेट, बोलायचंय. गाडी आणि हँडसेट यांच्यात किती अंतर धरू?

आरएफ_आजोबा

कॅलिब्रेशन केबलच्या टोकाशी केलं होतं ना? मग बरोबर. सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर खालच्या फ्रिक्वेन्सीला येतो म्हणजे सळई लांब आहे. 51 ला 141 नं गुणा, 145 नं भागा: साडेएकोणपन्नासच्या आसपास. म्हणजे जवळपास दीड सेंटिमीटर जास्त. पण एकदम दीड कापू नका. अर्धा कापा, मोजा, परत कापा. कापलेली सळई वाढत नाही. 1.9 वर सेट मरत नाही, तेव्हा घाई नाही. दोन मीटरचा पाव तरंग (पाव तरंगलांबीची सळई) सत्तर सेंटिमीटरवर आपोआप पाऊण तरंग होतो, 145 ची तिप्पट 435, त्यामुळं तोही बँड चालून जाईल. केबल दाराच्या रबरातून आत घेतली असेल तर दार लावताना चेपत नाही ना बघा. चेपलेल्या केबलचा एसडब्ल्यूआर आज बरा दिसतो, पावसाळ्यात बिघडतो.

अंतराचा ढोबळ हिशोब: अँटेनाच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, 4.1 नं गुणा, तेवढे किलोमीटर क्षितिज. दोन्ही बाजूंची बेरीज करा. दीड मीटरवरची गाडी पाच किलोमीटर, माणसाच्या हातातला सेटही तेवढाच. सपाटीला दहा झाले, त्यातून झाडं, घरं आणि माणसाचं स्वतःचं अंग वजा करा. पाच-सहा धरून चाला. आता एखादी गाडी घाटमाथ्यावर, सोलापूरच्या बाजूनं मोकळं दिसेल अशी उभी केली आणि उंचीचा फरक दीडशे मीटर धरला, तर तिचं एकटीचं क्षितिज पन्नास किलोमीटरवर जातं. तुमच्यात तिसरा लायसन्सवाला मिळाला तर त्याला तिथं बसवा. खालचे दोघं एकमेकांना ऐकत नसले तरी तो दोघांना ऐकेल आणि निरोप पुढं देईल.

फ्रिक्वेन्सी निवडताना 145.800 किंवा त्याच्या वर जाऊ नका. ती जागा उपग्रहांची आहे, अंतराळ स्थानकही तिथंच बोलतं. कुठल्याही रिपीटरच्या आत-बाहेरच्या फ्रिक्वेन्सीवरही नको. मोकळी बघून एक मुख्य आणि एक पर्यायी ठरवा, दोन्ही सेटमध्ये एकाच चॅनल नंबरवर भरा. रात्री दोनला पाय दुखत असताना कुणाला आकडे आठवत नाहीत.

वायरमन_नाना

इंजिन बंद ठेवून रात्रभर सेट ऐकत बसाल तर बॅटरीकडं लक्ष असू द्या. ऐकताना अर्धा-पाऊण अँपिअर जातो, ते चालतं. बोलणं मीडियमवर करा. 12 च्या खाली आकडा दिसला की गाडी थोडा वेळ चालू करा. सेट सीटखाली असेल तर त्यावर पाण्याचे बॉक्स, घोंगड्या रचू नका, हीट सिंकला हवा लागते.

जुळे_सोलापूरकर

तिसरा माणूस मिळतोय. बार्शीचे एक हॅम घाटात गाडी लावायला तयार आहेत. येत्या रविवारी सकाळी रंगीत तालीम करतोय: मित्र तामलवाडीच्या पुढं चालत, मी सोलापूरच्या बाजूनं गाडीत, ते माथ्यावर. आधी लो पॉवर, नाही जमलं तर मीडियम. तुळजापूर, मोहोळ, अक्कलकोट भागात कुणी लायसन्सवाले असतील तर इथं हात वर करा, फ्रिक्वेन्सी व्यक्तिगत निरोपातून कळवतो. नुसतं ऐकून आमचा सिग्नल कुठपर्यंत येतो एवढं सांगितलंत तरी पुरे.