वू वेई (ओघाशी न झगडण्याचा चिनी विचार) पाळणाऱ्यांनी स्टॉपलॉस कसा ठेवावा? मदत हवी आहे

भाऊ-ताईंनो, दारव्ह्याकडे शेती आहे, जोडीला शेअर्सचं स्विंग ट्रेडिंग (काही दिवस-आठवडे धरून विकणं). फक्त डिलिव्हरी, फ्युचर्स-ऑप्शन्स नाही. वावरात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून विक्री) जीटीटीनेच लावतो, म्हणजे भाव ठरवलेल्या ट्रिगरला आला की ऑर्डर आपोआप जाते. गॅप-डाउनमध्ये (भाव एकदम बराच खाली उघडला तर) लिमिट ऑर्डर न विकताच राहू शकते हे माहीत आहे, प्रश्न तो नाही.

भाव ट्रिगरजवळ आला की हात शिवशिवतात अन् ट्रिगर खाली सरकतो. डायरी, नोटिफिकेशन बंद, पोझिशन अर्धी, सगळं करून पाहिलं. (ध्यान सुचवू नका, कापूस वेचणीच्या दिवसांत जमत नाही.)

चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेचं वू वेई पटतं, ओघाशी झटापट नको. पण तोट्यातला शेअर धरून बसणंही तसंच दिसते, अन् ट्रिगरला हात न लावणंही. या विचाराने ट्रेड करणारे कोणी असाल तर, खरेदीनंतर ट्रिगर बदलायची मुभा स्वतःला देता का? देत असाल तर कोणत्या अटीवर?