मदत हवी आहे: एन-बोमचे आलेख वेगळे कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी. नागपुरात फॉरेन्सिकच्या एमएस्सीला आहे, सेमिनारचा विषय 25आय-एनबोम, एक कृत्रिम भ्रमकारी अमली पदार्थ. ब्लॉटरवर (अमली पदार्थ शोषवलेल्या कागदावर) एलएसडी सांगून खपवतात ते हेच. एर्लिक चाचणी समजली: एलएसडीत इंडोल वलय, म्हणून जांभळा रंग, यात वलय नाही, रंगही नाही. कायदाही वाचलाय (एनडीपीएसमध्ये एलएसडीची अल्प मात्रा फक्त 0.002 ग्रॅम!). गाडं अडलंय जीसी-एमएसवर (घटक वेगळे करून रेणूच्या तुकड्यांचं वस्तुमान दाखवणारी चाचणी). 25आय (आयोडीनवालं), 25बी (ब्रोमीनवालं), 25सी (क्लोरीनवालं), तिघांच्याही आलेखात 121 आणि 91 वस्तुमानाचे हेच पीक डोकं वर काढतात, मूळ आयन (न तुटलेला अख्खा रेणू) जेमतेम दिसतो. नमुना हाताळायचा नाहीये, छापील आलेखच वाचायचेत, आणि एलसी-एमएसचा पर्याय सुचवू नका, मॅडमना जीसीच हवंय. ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिल डेरिव्हेटिव्हच्या (जीसीसाठी रासायनिक बदल करून घेतलेल्या रूपाच्या) आलेखात आयोडीन, ब्रोमीन, क्लोरीन यांतला फरक नेमका कोणत्या आयनांवरून धरायचा?