चौदा सुपरमॅन आहेत, लाल चड्डी परत लावू का?

ड्रेपरीवाला

मंडळी, प्रश्न धंद्याचा आहे, थोडा मनाचाही.

कोल्हापुरात आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, आता मी बघतो. नाटक, गॅदरिंग, फॅन्सी ड्रेस यांना कपडे भाड्यानं देतो. शाहू महाराज, जिजाऊ, सावित्रीबाई यांना बारमाही मागणी. डिसेंबर लागला की सुपरमॅन आणि स्पायडरमॅन. सुपरमॅनचे चौदा ड्रेस आहेत, साइज २० ते ३६.

चौदाही ड्रेसना पूर्वी लाल चड्डी होती, वडिलांच्या हातची. सुटी नव्हे. सुटी ठेवली तर पोरगं स्टेजवर एक हात वर करून उभं राहीपर्यंत ती पोटावर चढते. म्हणून ते चड्डी निळ्या पँटच्या नेफ्यातच धरून शिवायचे, मांडीला आतून चार-चार टाके घालायचे आणि जोड झाकायला वरून पिवळा पट्टा. लाल कापड आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात. तरी एकदा रंग सुटलाच आणि एक सुपरमॅन कायमचा जांभळट झाला. तो आम्ही 'आजारी सुपरमॅन' म्हणून शेवटी देतो.

२०१३ ला हेन्री कॅव्हिलचा सिनेमा आला आणि त्यात चड्डीच नाही. त्या डिसेंबरला पालक मोबाईल पुढे करायचे, "असा पाहिजे, तसला जुना नको." मला धक्का बसला नाही, कारण कॉमिक्सवाल्यांनी हे दोन वर्षं आधीच केलं होतं. २०११ ला डीसीनं, म्हणजे सुपरमॅनची कॉमिक्स काढणाऱ्या कंपनीनं, 'न्यू ५२' म्हणून सगळी पाटी पुसली. बावन्न मासिकं, सगळ्यांचे अंक पुन्हा एकपासून. चित्रकार जिम लीनं सुपरमॅनला उंच कॉलर दिली, अंगभर चिलखतासारख्या रेषा मारल्या, पट्टा लाल केला, चड्डी रद्द. आणि क्लार्क म्हणजे सुपरमॅन आणि लोइस यांचं १९९६ ला लागलेलं लग्नही रद्द! खरं सांगू का, मला चड्डीपेक्षा लग्नाचं जास्त लागलं. पंधरा वर्षं संसार केलेल्या माणसाला एक दिवस सांगायचं, बाबा रे, तुझं लग्न झालंच नव्हतं. तिथंच मी वाचणं सोडलं.

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. ब्लेड घेऊन बसलो आणि एका दुपारी चौदाही चड्ड्या उसवल्या. वडील गल्ल्यावर होते. एवढंच म्हणाले, "उसवायला काय, बारकं पोरगंबी उसवतंय."

उसवल्यावर कळलं काय घोळ झालाय ते. धुऊन धुऊन बाकीची पँट विटलेली, आणि चड्डीखालचं कापड मात्र ठाणातून कालच फाडल्यासारखं गडद निळं. म्हणजे चड्डी काढली तरी चड्डी दिसतच होती, शिवाय टाक्यांच्या भोकांची रांग. बारा वर्षं मी हीच भुतं भाड्यानं देतोय.

आता २०२५ च्या जुलैत नवा सिनेमा आला, डेव्हिड कॉरेनस्वेटचा, आणि चड्डी परत! दिवाळीपासून फोन सुरू आहेत, "चड्डीवाला आहे का?" वडिलांनी त्या चड्ड्या टाकल्या नव्हत्या. ते गेल्यावर पत्र्याची ट्रंक आवरताना सापडल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. चौदापैकी अकरा. तीन कुठं गेल्या माहीत नाही, एकीनं मशीनचं तेल पुसलेलं मला आठवतंय.

तर लावू का? का तीन-चार वर्षांनी कुणीतरी नवा दिग्दर्शक येऊन परत काढणार, तेव्हा तशीच ठेवू? आणि मला चड्डीसकटच तो बरोबर वाटतो, हे माझं वय बोलतंय का?

एक विनंती. "सुपरमॅन चड्डी वरून का घालतो" हा विनोद नको. सीझनला चाळीस वेळा ऐकतो.

हौद्यातला

भावा, लाव. यात इचारायचं काय?

ही चड्डी आली कुठनं ते बघ. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही दोन पोरं. १९३८ ला त्यांचा सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला. त्या काळात ताकदीचा माणूस म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यापुढं कोण यायचं? सर्कशीतला नायतर कुस्तीतला पैलवान. तंग विजार, तिच्यावर आखूड चड्डी, कमरेला रुंद पट्टा. शूस्टरनं तेच चढवलं. म्हणजे तो गडी चड्डी घालायला चुकला नव्हता, पैलवानाच्या वेशात आला होता. आणि सर्कशीचं आपल्याला कुणी शिकवायला नको. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० ला सर्कस काढली, ते त्याआधी कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडं घोड्याचं बघायचे. इथनं तासाभरावर.

मी सात वर्षं कुस्तीची तालीम केली. पहिल्या दिवशी लंगोटावर मातीच्या हौद्यात उतरताना मेल्याहून मेल्यासारखं झालतं. मोठी पोरं बघत होती. वस्तादांनी मूठभर तांबडी माती घेऊन पाठीवर चोळली, म्हणाले, आता झाले कपडे. दुसऱ्या दिवशीपासनं लाज गेली ती गेलीच. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, शंभरावर वर्षं झाली त्याला. तिथं लंगोटावर उभा राहिलेला गडी बघून आजवर कुणी हसलंय का?

ज्यास्नी त्या चड्डीची लाज वाटली, त्यांनी ती काढली. चड्डीची चूक नव्हती.

निळी_जीन्स

मी वेगळं बोलणार आहे, शिव्या नंतर द्या. मूळ राजारामपुरीचा, सध्या पुण्यात.

मी २०११ लाच वाचायला लागलो. माझ्यासाठी चड्डी नसलेला सुपरमॅन हाच पहिला. आणि दादा, तुम्ही चुकीच्या जागी रुसलात. जिम लीची कॉलर मलाही आवडत नाही, घरी चहा पितानाही माणूस चिलखतात. पण त्याच वेळी सुपरमॅनच्याच दुसऱ्या मासिकात, 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'मध्ये लेखक ग्रँट मॉरिसन आणि चित्रकार रॅग्ज मोरालेस यांनी काय केलं ते तुम्ही बघितलंत का? टी-शर्ट, निळी जीन्स, कामगारांचे बूट, पाठीवर आखूड लाल केप. शिंप्याला एक टाका घालायची गरज नाही असा वेश. तो उडत नाही, नुसत्या उड्या मारतो. आणि पहिल्याच अंकात एका भ्रष्ट शेठला बाल्कनीतून उचलून नेऊन कबुली द्यायला लावतो.

आता १९३८ चा पहिला अंक काढा. तिथंही तो उडत नाही, उड्याच मारतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बडवतो, पुढाऱ्याला पैसे चारणाऱ्या दलालाला उचलून घाबरवतो. चिडका, गरिबांच्या बाजूचा. चड्डी गेली होती, पण माणूस जुनाच परत आला होता. नुसत्या वेशावरून रीबूट, म्हणजे असली नवी सुरुवात, मोजायचा असेल तर कठीण आहे.

आणि तुम्ही वाचणं सोडल्यामुळं दोन बातम्या तुमच्यापर्यंत पोचलेल्या दिसत नाहीत. एक, चड्डी सिनेमात आत्ता आली, कॉमिक्समध्ये ती २०१८ लाच आली, 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकाला. दोन, २०१६ ला डीसीनं 'रीबर्थ' म्हणून परत नवी सुरुवात केली तेव्हा लग्न झालेला जुना सुपरमॅन परत आला. लोइससकट. त्यांना मुलगा आहे, जॉन.

ड्रेपरीवाला

थांब, थांब. मुलगा झाला? आणि आम्हाला पेढे नाहीत.

जीन्सवाल्याचं मान्य. त्या वेळी मुखपृष्ठ बघूनच ठेवून दिलं होतं, आत उघडून बघितलंच नाही. पण एक सांगतो, जीन्सवर केप लावलेलं पोरगं स्टेजवर आलं तर मागच्या रांगेतल्या आजीला तो सुपरमॅन आहे हे कळणार नाही. लांबून बघ, निळ्यात निळं असलं की अंगाचा नुसता ठोकळा होतो. मध्ये लाल आलं की कमर कुठं, पाय कुठं सुरू होतो ते कळतं. हे मी शिवणारा म्हणून सांगतोय.

मंगळवारपेठ_६ब

मी गेल्या आठवड्यात ड्रेस बघायला एका ड्रेपरीत गेलो होतो, तुमचीच असावी. लेक सहा वर्षांची. आत शिरल्या शिरल्या रावणाची दहा तोंडं टांगलेली बघितली आणि माझ्या पाठीमागं लपली. बाहेर यायला तयार नाही. मग कोपऱ्यात तिला सुपरमॅन दिसला, मालकांनी लाल चड्डी नुसती टाचण्यांनी लावून बघायला ठेवली होती. ती फिस्सकन हसली. हसली, आणि सरळ रावणाच्या खालून चालत जाऊन तिनं त्या चड्डीला हात लावला.

मला लगेच त्या हिरोचं आठवलं. दिग्दर्शक जेम्स गन यांचं चड्डी ठेवायची का नाही ते ठरत नव्हतं. कॉरेनस्वेटनंच त्यांना पटवलं म्हणे. हा परग्रहावरचा माणूस, डोळ्यांतून आग निघते, इमारती उचलतो. पोरांनी आपल्याला घाबरू नये असं त्याला वाटत असेल, तर तो असलाच कपडा घालेल. मला ते वाचताना मुलाखतीतलं गोड बोलणं वाटलं होतं. दुकानात खरं निघालं.

निळी_जीन्स

दादा, हे भारी सांगितलंत. इथं माझी हरकत संपली.

मंगळवारपेठ_६ब

दादा नाही, ताई. कोल्हापूरची आहे, 'गेलो-आलो'च म्हणणार. पुण्यात जाऊन विसरलास होय रे?

ड्रेपरीवाला

ताई, माझंच दुकान. फेट्यांच्या शेजारी टाचण्या लावलेला साइज २४. आणि तुमच्या लेकीनं एक टाचणी काढून खिशात टाकली होती, तेवढी बघा, टोचेल.

जुना_वेताळ

वय एकसष्ट, रिटायर. तुमच्या चर्चेत वेताळाचं नावच नाही म्हणून लिहितो. अंगाला चिकटलेला वेश आणि वर चड्डी, हे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी, १९३६ ला, ली फॉकच्या फँटमनं केलं. आपण त्याला इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ म्हणून ओळखायचो. त्याची चड्डी तर पट्ट्यापट्ट्यांची. वर्गात अंक फिरायचा तो मधली पानं सुटलेलाच हाती यायचा.

गंमत रंगाची आहे. फॉकच्या डोक्यात तो करडा होता. १९३९ ला रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि छापणाऱ्यांनी जांभळा करून टाकला. इटलीत तोच लाल, स्वीडनमध्ये निळा. आता जांभळ्याचा करडा करून दाखवा बघू, माझ्यासारखे म्हातारे रस्त्यावर येतील. छापखान्यातल्या माणसानं केलेली गोष्ट आम्ही देवघरात ठेवलीय.

म्हणून ड्रेपरीवाले, 'मूळ कोणतं' या भानगडीत पडू नका. वडिलांनी शिवलेलं आहे, गिऱ्हाईक मागतंय, लावून टाका.

हौद्यातला

काका, मी कालपासनं हेच म्हणतोय.

ड्रेपरीवाला

तर काल रात्री बसलो. वडिलांचे टाके होते त्याच भोकांतून सुई घातली, म्हणजे रेषा आपोआप सरळ येते. आठ झाले. चड्डी त्या गडद निळ्या डागावर तंतोतंत बसली, कुठं अर्धा सूतही बाहेर नाही. एवढे तास उसवण्यात घातले त्याचं जरा वाईट वाटलं.

तीन अजून व्हायच्यात. उरलेल्या तीन पँटना चड्ड्याच नाहीत, त्या तशाच ठेवतो, कॅव्हिलवाले पालक येतीलच. आजारी सुपरमॅनला मात्र चड्डी लावली. जांभळ्यावर लाल फार वाईट दिसतंय, पण तो पण सुपरमॅनच.

कॉमिक्सही परत सुरू करतोय. जीन्सवाल्या, जॉनचे अंक कुठून सुरू करायचे ते सांग.

जुना_वेताळ

अभिनंदन. आता माझं काम. जानेवारीत आमच्या शाळेच्या बॅचचं स्नेहसंमेलन आहे. वेताळाचा ड्रेस मिळेल का? साइज ४२. नातवासाठी नव्हे.

ड्रेपरीवाला

४२ मध्ये तयार नाही, आजारी सुपरमॅनसारखं जांभळं कापड आणून शिवावं लागेल. पट्ट्यांची चड्डी हातानं रंगवीन. डिपॉझिट पाचशे, कवटीची अंगठी हरवली तर वेगळे. पोट आत घेऊन माप द्यायचं नाही, आधीच सांगतो.