मदत हवी आहे: बाइटकोड इंटरप्रिटरमधील न संपणारे लूप कसे रोखावेत?

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रींसाठी आम्ही इंडक्शन भट्टीच्या कूलिंगच्या पाण्यावर लक्ष ठेवणारे एक लहान उपकरण बनवतो. भट्टीवरील सुपरवायझरला स्वतःचे नियम लिहिता यावेत, यासाठी मी सी भाषेत स्टॅकवर आधारलेला छोटा बाइटकोड इंटरप्रिटर (नियमाच्या सांकेतिक सूचना एकेक करून चालवणारा प्रोग्राम) लिहिला असून तो ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरवर चालतो.

एका ठिकाणी ‘पाण्याचे तापमान ४५ अंशांच्या वर आहे तोवर पंप चालू ठेव’ असा नियम व्हाइल लूप वापरून लिहिला गेला. वाचताना त्यात काहीच वावगे वाटत नाही. परंतु सेन्सरची मूल्ये नियम सुरू होताना एकदाच घेतली जात असल्याने लूपच्या आत तापमान बदलतच नाही. टास्क वॉचडॉग (काम अडकले आहे का हे पाहणारा टायमर) मुदत संपताच पूर्ण बोर्ड रीसेट करतो आणि एका नियमापायी बाकीचे सगळे नियम बंद पडतात. मला केवळ तो एकच नियम थांबवायचा आहे.

कोणताही प्रोग्राम संपेल की नाही हे आधीच सांगणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केले आहे. लिनक्सच्या ईबीपीएफने (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) २०१९ पर्यंत मागे जाणाऱ्या उड्याच, म्हणजे लूपच, नाकारल्या होत्या, पण तसे बंधन घातले तर आमच्या भाषेत फारसे काही उरणार नाही. म्हणून प्रत्येक नियमाला ठरावीक बजेट (किती पावले चालायचे याची मर्यादा) देऊन ते फक्त मागे जाणाऱ्या उडीवर कमी करावे, असा विचार आहे. प्रत्येक इन्स्ट्रक्शनवर मोजणी केल्यास वेग घटतो. एवढे पुरेसे आहे का? की घड्याळ लावणे, म्हणजे वेळेची मर्यादा घालणे, अधिक बरे?

प्रतिसाद:

दिशा योग्य आहे, पण पुरेशी नाही. मागे उडी न मारताही रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच कॉल करण्याने) नियम अडकू शकतो, म्हणून फंक्शनच्या प्रत्येक कॉलवरही बजेट कमी करावे आणि स्टॅकच्या खोलीला मर्यादा घालावी. आपल्या भाषेत एक्सेप्शन (चूक झाल्यावर ती हाताळणाऱ्या कोडकडे, म्हणजे हँडलरकडे, जाण्याची सोय) असतील, तर हँडलरकडे जाणारी उडीही मागे जाऊ शकते. ती बहुधा नजरेतून सुटते. बजेट संपल्याची चूक मात्र नियमाला पकडता येता कामा नये, नाहीतर तो ती पकडून पुन्हा फिरत राहील. ती साधा स्टेटस कोड म्हणून इंटरप्रिटरच्या बाहेर परत करावी. मोठी स्ट्रिंग जोडणे किंवा ॲरे क्रमाने लावणे ही कामे एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये होत असल्यास आकाराच्या प्रमाणात बजेट आधीच वजा करावे.

घड्याळापेक्षा मोजणी चांगली, कारण तोच नियम त्याच मूल्यांवर दर वेळी त्याच जागी थांबतो आणि दोष शोधता येतो. वॉचडॉग काढू नये. तो इंटरप्रिटरमधल्या दोषांसाठी राहू द्यावा.

नियम मध्येच तोडल्यावर पंप कोणत्या स्थितीत ठेवायचा, हे भट्टीवाल्यांना विचारूनच ठरवावे. पाणी थांबले तर भट्टीची कॉइल जळू शकते, त्यामुळे ‘बंद’ ही इथे सुरक्षित स्थिती धरता येणार नाही.