प्रतिसाद: कन्व्हर्टर उन्हाने जात नाही

भाऊ, तुम्ही विचारलंय की नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाने गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी घातक करणारा सायलेन्सरच्या नळीतला डबा, खराब होतो का. नाही हो! त्याला कामाला लागायलाच २५०-३०० अंश लागतात. उलट धरमपेठ ते बर्डी एवढ्याच फेऱ्या मारल्या, तर तो नीट तापायच्या आतच गाडी बंद होते.

त्याला मारते ती आतली उष्णता. सिरॅमिकच्या जाळीवर अ‍ॅल्युमिनाचा थर आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे काही नॅनोमीटरचे कण. वायूंवरची प्रक्रिया या कणांच्या पृष्ठभागावर होते आणि बारीक असल्यामुळे चिमूटभर धातूत भरपूर पृष्ठभाग मिळतो. पण मिसफायर होत असेल, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं, तापमान हजार अंशांवरही जाऊ शकतं आणि कण सरकत एकमेकांत मिसळतात, काचेवरचे पावसाचे थेंब मिळतात तसे. धातू तेवढाच, पृष्ठभाग मात्र घटला. सिरियम ऑक्साइडचा आधार हे थोडंफार रोखतो, पण थोडंफारच.

'काढून टाका, मायलेज वाढतं' असं गॅरेजवाला म्हणाला म्हणे. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष) गाडीत कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर हे पकडतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. शिवाय त्या डब्यातले धातू भंगारात चांगल्या भावाने जातात, ते काही तो बोलला नसेल! मिसफायर होतोय का हे बघायला आधी ठिणगी पाडणारे प्लग आणि इग्निशन कॉइल तपासून घ्या.